गार पाण्याची सोय

डॉक्टर बुथैना म्हणाल्या, धडधड सुरू झाली
की तोंडावर गार पाणी मारायचं.
बाई, ऑगस्टात? सोहारमध्ये?
इथे गच्चीवरच्या टाकीत दिवसभर आधण चढलेलं असतं.
उन्हाळ्यात आम्ही गिझर बंद ठेवतो,
त्याच्या पोटात पाणी जरा निवतं,
मग गरमच्या नळाला गार आणि गारच्या नळाला गरम.
हे अंगवळणी पडायला मला लग्नानंतरचा
एक अख्खा उन्हाळा लागला होता.

माझ्या काळजातही असाच एक आडनळ निघाला.
जन्मापासूनचा. सत्तावीस वर्षं गप्प होता,
पाचव्या महिन्यात त्याला वाचा फुटली.
कागदाच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं:
ठोका राउंडअबाउटला शिरतो
आणि बाहेरची वाट न सापडून गरगरत राहतो,
नवं लायसन मिळालेल्या माणसासारखा.
मिनिटाला एकशे नव्वद.
मी विचारलं, आणि हिचे?
(इथे सांगतात. मुलगी आहे.)
हिचे एकशे पन्नास, अगदी उत्तम.
म्हणजे एकाच देहात
तिची घाई ती तब्येत, माझी घाई तो आजार.

फोनवर आई: दोन जिवांची तू, गोळ्या कसल्या गिळतेस?
अगं, दोन जिवांची म्हणूनच.
अर्धी सकाळी, अर्धी रात्री,
आणि दर चार आठवड्यांनी टेपने पोट मोजून
बाळ भरतंय ना ते बघतात.
आई गप्प झाली. मग म्हणाली, मीठ-मोहऱ्या तरी उतरवून टाक.
उतरवल्या.
ताईत नाही, पण एक दिवस छातीवर पाच वायरी होत्या,
सोबत वही: किती वाजता, काय करत होता, काय वाटलं.
मी लिहिलं, चार दहा, कपडे वाळत घालत होते, गावची आठवण.
मराठीत लिहिलं. कोण वाचणार होतं?

बकालेवाला कुंजुमोन विचारतो, भाभी, रोज बर्फ? रोज पार्टी?
हो रे बाबा, पार्टीच.

तीही रात्र गरमच होती. श्रीरंग बंदरावरून
नुकता आलेला, बुटांवर धूळ.
मी म्हटलं, सुरू झालं.
त्याने टबात बर्फ ओतला, मी तोंड बुडवलं.
नाही.
रिकामी सिरिंज दिली, फुंक, दांडा हलेपर्यंत फुंक.
फुंकलं. त्याने पाय वर उचलून धरले, मला डावीकडे कलतं करून.
नाही.
शेवटी मटारचं गोठलेलं पाकीट गालावर धरून
मी गाडीत बसले, आणि रस्ताभर
प्रत्येक राउंडअबाउटला तो म्हणत होता, निघालो, बघ, निघालो बाहेर.

सिस्टर शायनी कोट्टयमच्या. हिंदी त्यांचं आणि माझंही सारखंच मोडकं.
सुई लावताना म्हणाल्या,
छे सेकंद लगेगा मरता है. मरता नहीं है.
डोळ्यांत बघत राहिल्या. मग औषध सोडलं.

आणि खरंच
कुणीतरी छातीवरचा मेन स्विच खाली ओढला.
पडद्यावर रेघ सरळ होत गेली,
श्रीरंगचं तोंड उघडं, आवाज नाही.
आवाज फक्त पोटावरच्या पट्ट्यातून,
टुगूडुक टुगूडुक टुगूडुक,
एकशे चव्वेचाळीस.
तेवढ्या वेळात घरात जागी फक्त ती होती.

मग एक ठोका. थांबून दुसरा.
मग सगळे, शहाण्यासारखे, रांगेत.
शायनीने माझा हात सोडला, तेव्हा कळलं
तिने तो धरला होता.

सकाळी घरी आलो तर ओट्यावर
टब तसाच, पाणी कोमट,
आणि माझ्या पिशवीत मटार पार वितळलेले.
एकदा वितळले की परत गोठवत नाहीत.
श्रीरंगने न विचारता कांदा चिरायला घेतला.
मी खुर्चीत बसून उसळीची वाट बघत राहिले,
दोन बोटं मनगटावर,
मोजत नव्हते, नुसती ठेवली होती.